सारं मैदान खाली बसलं

तुमी मले म्हातारा म्हणता ना? अकोल्यात मैदानभर पोट्टे म्या एका आवाजात खाली बसवले, आयका.

रॉकचा कार्यक्रम होता. माही नात सोनी पयल्यांदाच लोकायसमोर डरम वाजवून राहिली होती. घरून निंगतानाच बजावलं तिनं, "आबा, तिथं आगावपणा करू नका." म्हनलं, "नाही वं."

तिथं पाहतो तं सारे उभे! कानात रिंगा, डोक्यावर शेंड्या. सोनी काही दिसेच ना. मंग गावात दंडारीचा खेळ पाहताना ओरडतो तसा ओरडलो, "ए समोरचे, खाली बसा रे! मांगच्याले दिसत नाही!"

वाटलं, आता शिव्या भेटतीन. तं समोरचा दाढीवाला हात जोडून म्हणे, "सॉरी आबा," अन् बसला. त्याले पाहून बाजूचा बसला. बाप्पा, सारं मैदानच मांडी घालून बसलं, जसी महाप्रसादाची पंगत!

गाणारा घाबरला. गाणं थांबवून माईकवर इचारते, "काय झालं? आवडलं नाही का?" सोनी मलेच पाहून राहिली, हातात काड्या अन् डोयात पानी.

म्या टोपी हालवली, "उठा रे पोट्टेहो, नाचा! दिसली मले माही नात!"

सारे उठले. वरून म्हणतात कसे, "थँक्यू आबा!"

घरी येताना सोनी पेटली, "आबा, लोकायले बसवलं काहून?"

म्हनलं, "अवं, जल्मभर तुह्या आजीले बस म्हनलं, ते कदी बसली नाही. माह्यं कोनी आयकते, हे मले काय मालूम?"