तेच दूध, तीच फॅट

...नाय नाय, मला सांगा, कोड शुद्ध लिहू नये असा कुठं कायदा हाय का? तुम्हाला सांगतो, मी इथं संभाजीनगरात एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर, आम्ही गावोगावच्या दूध डेऱ्यांना सॉफ्टवेअर बनवून देतो, दूध मोजलं, फॅट लागली, दर निघाला, पावती आली, झालं! बरं चाललं होतं हो. तर त्यात आमच्या मंजुषा मॅडम पुण्याहून फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकून आल्या.

"हे बघ गोकुळ," मॅडम म्हणायच्या, "फंक्शननं, म्हणजे प्रोग्रॅममधल्या हिशेबाच्या एका तुकड्यानं, इकडंतिकडं बघायचं नाही. जे हातात दिलं, त्यावरूनच उत्तर काढायचं. तेच दूध, तीच फॅट, तर दर तोच. कोणीही विचारो, कधीही विचारो!"

आता आपल्याकडं इकडंतिकडं न बघता कोणतं काम होतं हो? कुठंबी जा, पहिला सवाल, "कुणाचा रे तू?" अन् इथं म्हणे बघायचंच नाय! डोकं लई दुखलं. लूप लिहायची हाताला सवय, ती सुटंना... पण एक दिवस समजलं, अन् असं समजलं की डोक्यावरचा भारा उतरावा तसं हलकं वाटलं. खरं सांगतो, जीव जडला माझा त्याच्यावर.

मग कन्नडकडच्या एका डेरीचा दराचा प्रोग्राम आम्ही दोघांनी नव्यानं लिहिला. जुन्यात एक अट सापडली, काही खाती सोडून बाकी सगळ्यांचा दर थोडा कापायचा! का? कशापायी? काहीच लिहिलेलं नाय. आम्हाला वाटलं, चूक राहिली असंल कुणाची तरी. काढून टाकली. तेच दूध, तीच फॅट, तर दर तोच!

त्याच डेरीला माझी आई दूध घालती. एक म्हैस हाय. आईचा फोन आला, "गोकुळा, दर चढला रं! जनावराला जीव लावला की ते इसरत नाय बघ." आता तिला फंक्शन काय सांगावं? म्हणलं, व्हय आई, म्हशीचीच करामत. लई खूश होती हो...

अन् मग त्या डेरीच्या चेअरमनचा फोन! आमच्या कंपनीचे मालक रामप्रसाद सर, त्यांनी स्पीकरवर टाकला, सगळं ऑफिस बसलेलं. "अहो, हा काय प्रोग्राम हाय का तमाशा? माझ्या मेहुण्याला अन् त्या म्हाळसाबाईला एकच दर?"

म्हाळसाबाई म्हणजे माझी आई हो! ऑफिसात कुणालाच माहीत नाय... मी आपला मान खाली घालून कीबोर्डवरची धूळ पुसत बसलो.

मॅडम उसळल्या, "सर, तेच दूध, तीच फॅट..."

सरांनी फोन ठेवला, म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर हाय, शंभर टक्के बरोबर हाय! पण आपला कस्टमर चेअरमन हाय, म्हैस नाय!"

मॅडमनी राजीनामा दिला. मला म्हणाल्या, "तूही चल पुण्याला." कसा जाऊ? आई तिकडं एकटी, तिची म्हैस, माझी नोकरी...

मग ती अट परत कोण टाकणार? तो कोड समजणारा उरलो मी एकटा! टाकली. अन् लाज वाटती सांगायला, लई सफाईनं टाकली, एकबी टेस्ट फेल गेली नाय.

परवा आईचा फोन. "गोकुळा, दूध तेच, फॅट तीच, मग दर कसा रं उतरला? ह्या मुक्या जनावराचं काय चुकलं का?"

तुम्हीच सांगा, काय बोलावं माणसानं? म्हणलं, आई, पेंड बदलून बघ.