गयामायनं मागितलेली तपासणी

भाऊहो, मायबाईंनो, जे मागं उभे आहेत त्याईनं पुढं या. जागा आहे. मले सभेत बोलायची सवय नाही. मी पोस्टमास्तर, पोस्टाच्या पिशवीचा मानूस. दुसऱ्याची चिठ्ठी वाचून दाखवतो, दुसऱ्याची लिहून देतो. आज माह्या मनचं बोलायचं आहे. त्यात राग बी आहे. तो नेमका कोनावर काढू ते कळत नाही, म्हनून सगळ्याईवर थोडा थोडा निघन. माफ करा, नाहीतर नका करू.

गयामाय गेली. मंगळवारी गेली. चार दिवस ताप होता, पाचव्या दिवशी सकाळी गेली. आपल्या गावात बाईमानसासाठी अशी सभा आजवर झाली नाही. पाटील मले म्हने, "मास्तर, दहावं होते, तेरवी होते, अजून सभा कायले?" मी म्हनलं, पाटील, तेरवीले आपन जेवतोच. जेवायची आपल्याले लय हौस आहे. एखाद दिवस बोलू बी.

नव्या सुना आहेत, लहान पोट्टे आहेत, त्याईले माहीत नसन. गयामायले नवरा नव्हता, एकच लेक होता, शेषा. अंगानं बाप्या, पन समज पाच वर्साच्या लेकराची. वेडा नव्हता तो. भोळा होता. कोनाले मारलं नाही, कोनाची चोरी केली नाही. त्याची खोड एकच. कोनाचा बैल दाव्याले दिसला की त्याले राहवत नसे. दावं सोडून देये. काहून सोडलं रे, म्हनलं की म्हने, "त्याची मान दुखते." एका हंगामात तिघाईच्या जवारीत ढोरं घुसली. मंग आपन काय केलं? सगळ्याईनं मिळून एक कागद केला. हा मानूस गावाले धोक्याचा आहे म्हनून. कोनं सही केली, कोनं अंगठा केला. तो कागद लिहिला कोनं? मीच लिहिला. अक्षर चांगलं आहे ना माहं! पोलीस आले, कोर्टात उभं केलं, अन् वाशीमहून रेल्वेत बसवून त्याले घेऊन गेले. पागलखान्यात. गाडी हालली तवा तो हसून राह्यला होता, त्याले वाटलं जत्रेले चाललो.

गयामाय दर दोन-तीन महिन्याले त्याले भेटाले जाये. रिठद गावापावतर पायी, तिथून मोटर, मंग रेल्वे. पदरात भाकर बांधून. तिथं भोळे अन् वेडे एकाच कोठीत. शेषाच्या पायात साखळी, अन् साखळीचं दुसरं टोक भिंतीतल्या कडीले. बैलं सोडनारा पोट्टा, भाऊहो. त्यालेच बांधलं.

एक डाव ती गेली तवा शेषा मोकळा. खाली नवी चादर, घडीसुद्धा मोडली नव्हती. तिनं भिंतीले हात लावला, तर पंजाले ओला चुना. पुढच्या डावाले गेली तर साखळी परत पायात, चादर गायब. तिथल्या झाडूवाल्या बाईनं तिले सांगतलं, "माय, तपासणीचे साहेब यायच्या आधी चिठ्ठी येते. मंग चुना लागते, चादरी निघतात, साखळ्या खोलीत जातात. साहेब पाहतात, बुकात चांगला शेरा लिहितात, जातात. दुसऱ्या दिवशी पहिल्यासारखं." वरून कीर्तन आतून तमाशा. तवापासून गयामाय तिथं गेली की आधी भिंतीले हात लावून पाहे.

मंग ती माह्याकडं आली, अर्ज लिहून द्या म्हने. तिनं काय मागितलं असन? पोराले सोडा म्हनलं नाही. साहेबाले शिक्षा करा म्हनलं नाही. ती म्हने, "लिहा, तपासणीले या, पन सांगून येऊ नका." एवढंच! मी म्हनलं, गयामाय, मोठ्या साहेबाले असं लिहितात काय वं? ती म्हने, "काहून? तुमच्या पोस्टाचा साहेब येते तवा तुमी बी आदल्या दिवशी ठप्पे पुसता, तराजू घासता. मले दिसत नाही काय?" मी कागद काढला. लिहिलं.

अर्ज गेला. उत्तर नाही. मधात राज्य बदललं, जुन्या दप्तरातले कागद नव्या दप्तरात गेले, त्यात तिचा हरवला. परत लिहिला. एका ओळीच्या मागनीले दोन वर्स! अन् शेवटी एक साहेब अर्ज खरा का खोटा हे पाहाले आपल्या गावात आले. सांगून आले. आपल्याले बी चिठ्ठी आली होती.

आठवते ना तो दिवस? मान खाली घालू नका, मीबी त्यात होतो. रस्ते झाडले. सडे टाकले. पाटलाच्या ओसरीवर गादी घातली. पुरनपोळीचा बेत केला. अन् गावात पुरनपोळी कोनाची चांगली? गयामायची. मंग तिलेच चुलीपुढं बसवलं. जिचा अर्ज, ती आत पोळ्या लाटत होती, अन् साहेब बाहेर तिच्याच हातच्या पोळ्या तुपात बुडवून खाऊन राह्यले होते. साहेबानं विचारलं, "इस्पितळाबद्दल गावाची काही तक्रार?" पाटील म्हनले, "काही नाही साहेब, तुमच्या दयेनं सगळं बरं आहे. अजून एक पोळी घ्या." बाकीचे? अळीमिळी गुपचिळी. मंग साहेबानं माह्याकडं पाह्यलं. "अर्ज तुमच्या अक्षरात आहे ना?"

अन् मी काय बोललो? ऐका. मी बोललो, "हो जी. पन बाईमानूस आहे, आईचं काळीज. जरा वाढवूनच सांगते."

काहून बोललो मी असं? कोनाची भीती होती? भीती नव्हती, भाऊहो. पाव्हना ताटावर बसला होता. ताटावरच्या पाव्हन्यापुढं गाऱ्हानं करू नये, ही आपली रीत. बापजाद्याची रीत. तिथं त्याईनं भिंतीले चुना लावला, इथं आपन गावाले लावला. साहेबानं कागदावर लिहिलं, गावाची तक्रार नाही, अन् गेले.

जीप गेल्यावर गयामाय बाहेर आली. हाताले पीठ. मले म्हने, "पाव्हना पोटभर जेवला ना, मास्तर?" मी म्हनलं, हो. "मंग माह्या शेषाच्या पायाचं कोन बोललं?" कोनीच बोललं नाही. ती रागावली असती, शिव्या देल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिनं पदरानं हात पुसले अन् घरी गेली.

आठ दिवसानं आली. "लिहा," म्हने, "आमच्या गावानं तुमाले खोटं सांगतलं. वैरापायी नाही, लाजेपायी सांगतलं." मी म्हनलं, गयामाय, गावाच्या इज्जतीचं काय? मंग तिनं रोज सकाळी यावं, माह्या दारात बसावं, पोस्टाची पिशवी गेली की उठून जावं. असा एक महिना! महिनाभर मी तिले बसवलं. त्या महिन्याचा हिशेब देवापुढं मलेच द्यायचा आहे. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगावं कोनाले?

शेवटी लिहिलं. अन् तो कागद कोन्या तरी भल्या मानसाच्या हाती पडला. यावेळी मोठे डॉक्टर साहेब कोनाले न सांगता तिथं गेले. भर दुपारी, बाजाराच्या दिवशी. चुना नाही, चादर नाही. जे होतं ते पाह्यलं. त्या दिवशी साखळ्या निघाल्या, त्या परत लागल्या नाहीत. आता भोळ्याईची कोठी वेगळी आहे. बगीचा आहे, झाडाले पानी घालतात ते. गयामाय शेवटची जाऊन आली तवा माह्या दारात उभी राहून म्हने, "मास्तर, पोरगं चालून राह्यलं. पाय जरासा ओढते, पन चालते." तेवढ्यासाठी त्या माऊलीनं आपली चार वर्सं घातली. खुर्चीवरच्या साहेबाईनं नाही सुधारलं ते इस्पितळ. आपन त नाहीच नाही.

आता शेवटचं सांगतो. शुक्रवारी, ती जाऊन तीन दिवस झाल्यावर, पिशवीत तिच्या नावाचं पाकीट आलं. ज्याचं त्याले देनं हे माहं काम. हे कोनाले देऊ? मी फोडलं. आत लिहिलं आहे, रोगी धोक्याचा नाही, घरी नेण्यास हरकत नाही. आई वयस्कर असल्याकारणाने गावातील दोन कर्त्या गृहस्थांनी सांभाळण्याची हमी लिहून द्यावी. महिनाअखेरपर्यंत न मिळाल्यास रोगी इथेच राहील.

आई वयस्कर आहे, असं लिहिलं आहे त्यात. तिथं शेषा अजून तिची वाट पाहून राह्यला असन.

पहिल्या हमीवर मी सही केली. कागद माह्या हाती आहे. दुसरी जागा कोरी आहे. त्याले आनलं त तो परत कोनाचा तरी बैल सोडन, हे मी आधीच सांगतो. लपवत नाही. अन् त्याले धोक्याचा म्हननाऱ्या कागदावर आपन किती जनं धावून गेलो होतो, हे बी सांगावं लागत नाही.

आता आपन गयामायसाठी दोन मिनिटं उभं राहू. मी कोनाचं नाव घेत नाही. हात वर करा म्हनत नाही. चार लोकाईत लाजेपायी वर झालेला हात मले नको. ज्याले यायचं आहे, त्यानं गुपचाप या वट्ट्यावर यावं अन् माह्या बाजूले उभं राहावं.

गयामाय, तुले रामराम वं.

उठा भाऊहो. मी डोळे मिटतो.