छपरातलं दार

नाव : कामावर व वस्तीत चिकट्या या नावाने ओळखतात
वय : २३ वर्षे
शिक्षण : पाचवी पास, सहावीत शाळा सोडली
धंदा : जाहिरातीचे फ्लेक्स व पोस्टर लावणे
राहणार : बंद बर्फ कारखाना, जिन्यावरची खोली. मूळ गाव इथून रेल्वेने दोन रात्रींच्या अंतरावर

मी समक्ष ठाण्यात येऊन, कोणी बोलावले नसताना, सांगतो की,

मी वरील ठिकाणी एकटा राहण्यास असून फ्लेक्स लावून पोट भरतो. त्याआधी खानावळीत, टायरच्या दुकानात व एका मालवाहू बोटीवर काम केले. एका जागी माझे बूड टेकत नाही असे आई म्हणते, ते खरे आहे. या कामात रोज नवी भिंत मिळते म्हणून टिकलो.

रुग्णालयात आहे तो माझा सख्खा मावसभाऊ. माझ्याहून मोठा म्हणून मी त्याला दादा म्हणतो. बाकी सगळे त्याला 'पहिला शो' म्हणतात, कारण त्याच्या हिरोच्या पिक्चरचा पहिला शो त्याने कधी चुकवलेला नाही. एकदा अंगात ताप असताना हाताची सलाईन काढून गेला होता. तो इथे कपडे धुण्याच्या कारखान्यात इस्त्रीच्या मशीनवर आहे व तिथेच मागच्या खोलीत राहतो. मावशीने त्याला माझ्या भरवशावर पाठवले. फोनवर मला म्हणाली होती, "वयानं तो मोठा आहे, पण डोकं तुझं ठिकाणावर आहे. लक्ष ठेव." माझ्या डोक्याबद्दल असे पहिल्यांदाच कोणी बोलले.

त्या हिरोचा पाच वर्षे एकही पिक्चर आलेला नव्हता. यंदा आमच्या सुपरवायझर साहेबांना एका पिक्चर कंपनीचे काम मिळाले. पिक्चरचे नाव कोणाला सांगितलेले नाही. हिरो कोण तेही नाही, पण हा दादाच्याच हिरोचा पिक्चर असे फॅन लोकांनी धरून ठेवले आहे. फक्त काळ्या फ्लेक्सवर एक पांढरे दार. एक दार शहरात एकाच जागी लागते, मग काही दिवसांनी दुसरे दुसऱ्या जागी, आणि प्रत्येक वेळी ते दार थोडे जास्त उघडलेले असते. खाली एक अक्षर नाही. नव्या दाराचा पहिला फोटो जो टाकेल त्याला कंपनी बोलावते व पिक्चरमधला तुकडा दाखवते. तुकडा बघून आलेला माणूस तोंड उघडत नाही, त्याच्याकडून सही घेतलेली असते. फॅन लोक त्याच्या मागे फिरतात, तो हसला तरी त्याचा अर्थ काढतात.

आमच्यावरही तीच बंदी. गाडीत बसतानाच मोबाईल पिशवीत जमा. जागा कोणती ते गाडी निघाल्यावर कळणार. बंडल छपाई आत करून, काळ्या प्लॅस्टिकमध्ये. दादा मला रोज विचारायचा, "बाबा रे, निदान दिशा तरी सांग. पूर्व का पश्चिम?" मी सांगायचो नाही. मग तो माझ्या बुटांना लागलेली माती बघायचा व त्यावरून मित्रांना घेऊन शोधत फिरायचा.

चौथ्या दाराच्या वेळी पहिली प्रत खराब निघाली. दाराच्या कडेला शाई पसरली होती. सुपरवायझर साहेब म्हणाले, जाळून टाक. आमच्या धंद्यात फ्लेक्स कोणी जाळत नाही. आमच्या वस्तीतली अर्धी छपरे जुन्या फ्लेक्सवर उभी आहेत. साबणाची बाई, सिमेंटची पोती, निवडणुकीतले पुढारी, सगळे छपरांवर पालथे पडलेले असतात. छपाई खाली आणि पांढरी बाजू वर, अशी रीत आहे, कारण पांढऱ्या बाजूने ऊन कमी लागते. पाहिजे त्याला मी स्वतः असे तुकडे दिलेले आहेत.

माझ्या खोलीत जायचा रस्ता कारखान्याच्या मोठ्या हॉलमधून आहे. पूर्वी तिथे बर्फाच्या लाद्या रचायचे. छप्पर दुमजली उंच आहे. मधला एक पत्रा उडून गेला आहे व त्या भोकातून पाखरांची घाण खाली पडते. सदर खराब फ्लेक्स मी त्या भोकावर अंथरला, चारी बाजूंनी दोरीने बांधला, रीतीप्रमाणे छपाई खाली. आत कोणाला दिसेल असे डोक्यातच आले नाही. आत येतेच कोण, मी आणि नळावर पाणी भरणारे.

पण दुपारी ऊन वर आले की फ्लेक्समधून उजेड झिरपायचा आणि त्या अंधाऱ्या हॉलच्या छतात पांढरे दार पेटल्यासारखे दिसायचे. नळावरच्या कोणीतरी फोटो काढून टाकला. संध्याकाळपर्यंत हॉल भरला. कंपनी दारे भिंतीवर लावते, हे आभाळात लावले म्हणजे हेच शेवटचे, असे सगळे म्हणू लागले. शाई पसरली होती तो धूर आहे, आत काहीतरी जळते आहे, असाही अर्थ निघाला.

मी सुपरवायझर साहेबांना जाऊन सांगितले की साहेब, ते माझ्या छपराचे ठिगळ आहे, मी काढून टाकतो. जाळले का नाही म्हणून ते आधी माझ्या अंगावर आले. मग त्यांनी कोणाला तरी फोन लावला, बाहेर जाऊन बोलले, परत आले तेव्हा शांत होते. म्हणाले, "हात लावू नकोस. आपण हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. विचारलं तर गप्प बसायचं."

मी म्हणालो, "साहेब, खाली भोक आहे. कोणी वर चढलं तर?"

ते म्हणाले, "दार बघायला आलेत, कौलं शाकारायला नाही. कोण चढतंय?"

मी तरीही फ्लेक्स सोडायला गेलो. तोवर फॅन मंडळींनी शिडीपाशी पहारा बसवला होता. त्यांनी मला ओळखले नाही, पण शिडीला हात लावू दिला नाही. एक जण म्हणाला, "लवकर येऊन दार फाडायचा विचार आहे काय? रांगेत ये." माझ्याच घरात मला रांगेत ये म्हणाले.

त्या रात्री मी दादाच्या खोलीवर गेलो व बंदी मोडून त्याला सगळे सांगितले. तो कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून ऐकत होता. आमचे बोलणे आठवते तसे सांगतो.

"दादा, ते दार मी टाकलंय. पाखरं हगतात म्हणून."

"बरोबर. कंपनीनं तुला हेच सांगायला सांगितलंय."

"कंपनीचा काही संबंध नाही त्यात."

"तुला बोलायची बंदी आहे ना? मग आज कसं तोंड फुटलं? बंदी असलेला माणूस बोलतो म्हणजे बोलायचा हुकूम असतो." मग म्हणाला, "चिकट्या, तू माझा भाऊ आहेस का कंपनीचा?"

मी म्हणालो, "कुणाची शपथ घेऊ, सांग."

"माझ्या आईची घे."

मी मावशीची शपथ घेतली. त्याचे डोळे भरून आले. मला वाटले पटले. तो म्हणाला, "आईची शपथ घ्यायला लावली तुला. केवढं मोठं असेल रे आत!"

खरे जेवढे सांगावे तेवढे ते त्याला खोटे वाटत होते. जाताना म्हणालो, वर जाऊ नकोस. तो म्हणाला, "म्हणजे वरूनच जायचं आहे."

रविवारी दुपारी मी कामावरून आलो तेव्हा हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या माना वर होत्या. दार उघडायला एकच जण जाईल असे त्यांचे आपसात ठरले होते आणि दादाला निवडले होते. याचा भाऊ पोस्टर लावतो, याला ठाऊक असणार, म्हणून. तो मला शिडीवर दिसला नाही. मी पोचलो तोवर तो वर पत्र्यावर गेलेला होता. पत्रे वाजत होते, त्यावरून तो कुठे आहे ते कळत होते.

मी ओरडलो, "दादा, थांब! खाली काही नाही!" शेजारचा म्हणाला, "हा कंपनीचा माणूस." दुसरा म्हणाला, "काय ओरडतोय बघ, अगदी खरं." त्यांनी माझ्याकडे मोबाईल वळवले. मी शिडीकडे जायला लागलो तर त्यांनी वाट दिली नाही. मारले वगैरे नाही, हसत हसत अडवले. शो बिघडवू नको म्हणाले.

मग पांढऱ्या दारावर माणसाची सावली आली. खालून स्पष्ट दिसत होती. सावली काठाशी थांबली, वाकली आणि तिने पायातल्या चपला काढून हातात घेतल्या. चित्र मळू नये म्हणून काढल्या असतील. हॉलमध्ये शिट्ट्या झाल्या, हिरोच्या नावाचा गजर झाला. सावलीने एक पाय दारावर ठेवला.

दोरी एका कोपऱ्यातून सुटली आणि दार उघडले.

तो खाली पडल्यावर लोक मागे सरले व त्याच्याभोवती रिंगण झाले. पुढे कोणी आले नाही. सगळे वरच्या उजेडाकडे बघत होते, आता काय येणार म्हणून. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. मी लोकांच्या पायांमधून आत गेलो. दादाचा डोळा अर्धा उघडा होता. मी गाडी बोलवा म्हणालो, तर मागून आवाज आला, "आता गाडी येणार बघ." नळावर पाणी भरणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने घागर टाकली, लोकांना शिव्या घातल्या व तिनेच फोन केला. तिचा जबाब घ्यावा.

दादा तेव्हापासून शुद्धीवर नाही. डॉक्टरांना विचारले की ते मान हलवतात, त्यातून हो का नाही ते कळत नाही. फॅन लोक वॉर्डापर्यंत येतात. आत काय होते ते तो काही बोलला का, असे मला विचारतात. मी म्हणतो, आत माझी खोली आहे. ते हसतात व एकमेकांकडे बघतात. काल वॉर्डाच्या दारावर कोणीतरी खडूने आणखी एक दार काढून ठेवले. सिस्टरने पुसले, आज पुन्हा होते.

मावशीचा फोन येतो. दादा ड्युटीवर आहे असे मी सांगतो. तिने विचारले, "पिक्चरच्या नादात वेळेवर जेवतो ना?" मी हो म्हणालो. त्याला नळीने देतात.

मोबाईलवर त्या सावलीचा व्हिडिओ फिरतो आहे, तो मी एक-दोनदा बघितला. त्याखाली पडणारा माणूस कंपनीचाच नट आहे, रुग्णालयही खोटे आहे, असे लिहिले आहे. मी सुपरवायझर साहेबांना हात जोडून म्हणालो, कंपनीला एक वाक्य बोलायला सांगा, की ते दार आमचे नाही आणि तो माणूस आमचा नाही. ते म्हणाले, "एवढं वाक्य बोललं की सगळं संपलं रे. शुक्रवार तोंडावर आलाय." पिक्चर शुक्रवारी लागणार, हे मला तेव्हा कळले.

आता लोक छपरे शोधू लागले आहेत. काल आमच्या मागच्या गल्लीत दोन पोरी गोदामाच्या पत्र्यावर चढल्या होत्या, पांढरा फ्लेक्स दिसला म्हणून. त्याच्याखाली साबणाची बाई आहे आणि बाईच्या खाली भोक आहे. मी त्यांना उतरवले. तुम्ही कोण, असे त्यांनी विचारले. फ्लेक्स लावणारा, असे मी सांगितले, तर त्या खूश झाल्या. शहरात अशी छपरे किती आहेत ते मला सांगता येणार नाही. भोक असते तिथेच फ्लेक्स असतो, एवढे सांगू शकतो.

आज सकाळी मला नेहमीप्रमाणे गोदामात बोलावले. मोबाईल पिशवीत घेतला. पाचव्या दाराचे बंडल माझ्या खांद्यावर दिले. सुपरवायझर साहेब म्हणाले, हे शेवटचे, नीट लाव. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा मी प्लॅस्टिक एका बाजूने सोडून आत पाहिले. आजवर मी कधी असे उघडून पाहिले नव्हते. मग बंडल घेऊन गाडीतून उतरलो व चालत इथे आलो. माझा मोबाईल अजून त्यांच्याकडे आहे.

सदर बंडल मी हजर करत आहे. ते इथल्या ठाण्याच्या साहेबांच्या टेबलावर उलगडले आहे. काळ्यावर पांढरे दार आहे, सताड उघडे. दारात एका माणसाची सावली आहे. सावलीच्या एका हातात चपला आहेत.

फ्लेक्स पाहून ठाण्यातल्या एका शिपायाने मोबाईल काढला व मला विचारले, "हा हिरोच का?" माझा मावसभाऊ आहे, असे मी सांगितले. त्याने फोटो काढला आहे. हेही लिहा म्हणालो म्हणून लिहिले आहे.

माझी मागणी एवढीच की शुक्रवारच्या आत कंपनीकडून ते एक वाक्य बोलवून घ्यावे.

हा जबाब लेखनिकाने मला सावकाश वाचून दाखवला. मला वाचता येते पण मोठे वाचायला वेळ लागतो, म्हणून ऐकला. जे सांगितले तेच यात आहे व ते खरे आहे. वाचून होईपर्यंत बाहेर गेटपाशी लोक जमा झाले आहेत आणि दार कुठे आहे असे विचारत आहेत.

सही