शेवटच्या पडद्यातली फट

—उठू नका काका, बसा. माणूस खेळत असताना मागून बोलायचं नसतं, ठाऊक आहे मला, म्हणून तर मघापासून ओठ शिवून उभा होतो. पण आता संपलंय ना तुमचं? मग ऐका. शेवटच्या पडद्यापर्यंत, गेमच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत, पोचलात तुम्ही. ह्या पाच दिवसांत तिथवर दुसरं कुणी पोचलेलं नाही — इथली रोज खेळणारी उस्ताद मंडळीसुद्धा नाही, नुसती तोंडाची वाफ.

मी कोण? कोणी नाही, बघणारा. — बरं, खोटं कशाला बोलू, गेम माझा आहे. चाचणीच्या आठवड्यात बनवणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं नसतं, नुसतं मागे राहून लोकांचे खांदे बघायचे — खांदे आखडले की गेम धरतोय, पाय हलायला लागले की गिऱ्हाईक गेलं. तुमचे खांदे सोमवारपासून बघतोय मी. काळी स्क्रीन, पांढरे ठिपके; एक ठिपका तुम्ही, बाकी सगळ्या तुमच्या जिवावर उठलेल्या गोळ्या. गाणं नाही, गुण नाहीत, डोळे मिचकावणाऱ्या पोरी नाहीत. पहिल्या दिवशी तिघांनी जाऊन ह्या व्हिडिओ-गेमच्या दुकानाच्या मालकाला, सेगावाला, सांगितलं, त्या कोपऱ्यातलं मशीन बिघडलंय म्हणून! हसा, हसा. मीही हसलो होतो, संडासात जाऊन.

सेगावाचं म्हणणं सरळ आहे — आज पाचपर्यंत कुणी त्याच्या डोळ्यांदेखत गेम पार केला तर मशीन दुकानात राहील, नाहीतर पाचला तो वायर काढणार. आणि वायर निघाली की मी साकाईला, मामाच्या सुऱ्यांच्या कारखान्यात, पाती घासायला. बापानं ठरवून टाकलंय. तिसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं तेव्हापासून तो जेवताना माझ्याकडे बघत नाही, टोफूकडे बघून बोलतो. म्हणतो, तीस वर्षं मी एका कचेरीत काढली, तुला एका कॉलेजात तीन वर्षं काढता येईनात. काढली तुम्ही तीस वर्षं, मिळालं काय, पाठदुखी आणि भिंतीवरचं घड्याळ! — हे मी त्याला बोललो नाही. बोलायला हवं होतं.

पण खरा घात केला त्या कुगानं. टोपीवाला, पन्नाशीचा, वीस वर्षं ह्याच स्टुलावर बूड झिजवतोय. ही वही बघा, मशीनशेजारी दोरीला बांधलेली — खेळून झालं की सगळे हिच्यात मत लिहितात. सोमवारी त्यानं लिहिलं, ‘पोरखेळ. झोपेतही पार होईल.’ झोपेत! दुसऱ्या पडद्याला मेला होता तो. पण लिहिलं, आणि त्याच्या खाली त्याच्या चेल्यांनी ‘बरोबर’ लिहून माना डोलावल्या. ह्या म्हाताऱ्यांना कशाचं कौतुक करायचं म्हटलं की दातखीळ बसते. माझं डोकं फिरलं. मशीनच्या पोटातला गेमचा बोर्ड काढून घरी नेला, शेवटच्या पडद्यातल्या गोळ्या दुपटीनं वाढवल्या, मंगळवारी दुकान उघडायच्या आत परत लावला.

आता आम्हा गेम बनवणाऱ्यांत एक रीत आहे. बनवणाऱ्यानं स्वतः, एका नाण्यात, शेवटपर्यंत पार केल्याशिवाय गेम लोकांपुढे ठेवायचा नाही. पाळली का मी? — पाळली असती हो, वेळ कुठे होता. — नाही. वेळ होता. हात चालत नव्हते. त्या उस्तादांसारखे हात माझ्याकडे नाहीतच.

काय म्हणालात? वहीत वाचून डावीकडे गेलात? ‘डावी कडा धरा, तिथे फट आहे, मी पार केला.’ हो. तीन वेगवेगळ्या अक्षरांत आहे ते. तिन्ही माझी. एक डाव्या हाताचं.

तिथे फट नाही, काका. मी परवा मोजलं. जागा स्क्रीनच्या दोन टिंबांची, दोन पिक्सेलांची, आहे आणि तुमचा ठिपका तीन टिंबांचा. कुणालाच जाता येणार नाही, देवालाही नाही. मग दुरुस्त का नाही केलं? सेगावा म्हणाला होता, पुन्हा बोर्ड काढलास तर चाचणी बंद. आणि — ते जाऊ द्या, ते निमित्त झालं. कुगा हसला असता.

मघाशी तुम्हाला थांबवलं ते ह्यासाठी नव्हतं. पुन्हा एकदा खेळा म्हणून पाया पडणार होतो. खरंच. वाटलं, ह्या माणसाच्या हातून काहीतरी होईल, गोळीच चुकेल एखादी. पण तुम्ही वही उघडलीत लिहायला आणि मला त्यात तुमचं कालचं मत दिसलं. पाठ आहे मला. ‘माझे हात मंद आहेत. पण प्रत्येक वेळी चूक माझीच होती हे स्वच्छ दिसतं, म्हणून परत येतो. आभार. — मोमोसे.’ पाच दिवसांत माझ्या गेमबद्दल कुणी लिहिलेलं एवढंच काय ते खरं. आणि आजही तेच लिहायला निघालात, हो ना? नका लिहू. ह्या खेपेला चूक तुमची नव्हती.

नाणं कशाला काढताय? ऐकलंत ना मी काय म्हणालो? — बघायचंय? काय बघायचंय, दोन टिंबं? काका, हात काढा मशीनच्या दांड्यावरून. सेगावा बघतोय. अजून वीस मिनिटं आहेत, हो, मला दिसतं घड्याळ.

सरका जरा. वायर तुमच्या पायामागे आहे, मीच काढतो.

झालं. काळीच होती स्क्रीन, फारसा फरक नाही पडला. नाणं ठेवा खिशात. जा घरी.