केसाने गळा

मी, वय चौतीस, धंदा शिवणकाम, राहणार बस डेपोच्या मागची इमारत, दुसरा मजला, सोबत सासूबाई आणि पाच वर्षांची मुलगी, नवरा परदेशात शीतगृहात कामाला. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की, तपासणी केंद्राच्या डॉक्टरबाईंनी मी त्यांना कात्री दाखवून धमकावल्याची तक्रार दिली आहे. कात्री माझीच. धमकी साफ खोटी.

नवऱ्याकडे कायमचं राहायला जाण्यासाठी माझा आणि मुलीचा अर्ज आहे. त्यासाठी वकिलातीने नेमलेल्या याच केंद्रात छातीचा एक्स-रे फोटो काढावा लागतो. त्या सकाळी मी न्हाऊन ओल्या केसांची घट्ट वेणी घातली होती. फोटोवाल्याने झगा दिला आणि म्हणाला, "ताई, केस आत घ्या, बाहेर लोंबू देऊ नका." मी वेणी खांद्यावरून पुढे घेऊन झग्यात खोचली. शहाण्यासारखी वागायला गेले ना!

त्याच आठवड्यात फोन आला की फुफ्फुसावर डाग दिसतोय, टीबीचा संशय आहे. थुंकी तपासायची, निकालाला दोन महिने, तोवर अर्ज थांबला. सासूबाईंनी संध्याकाळीच माझं ताट वेगळं केलं आणि मुलीला नणंदेकडे धाडलं. मुलीला माझ्या वेणीचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोप येत नाही, हे मी नणंदेला सांगितलं. ती म्हणाली, "वहिनी, आता तिची ती सवय मोडलेलीच बरी." नवरा फोनवर म्हणतो, "आधी का नाही सांगितलंस?" जसा काही मी डाग पदराखाली लपवून ठेवला होता!

मला ना खोकला, ना ताप. म्हणून मी दुसऱ्या दवाखान्यात फोटो काढायला गेले. तिथल्या बाई मला मशीनपाशी उभं करायच्या आधीच ओरडल्या, "अहो, वेणी डोक्यावर बांधा, नाहीतर फोटोत डाग उमटतो!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो फोटो स्वच्छ आला.

आज सकाळी तो घेऊन मी केंद्रात गेले. एवढंच मागितलं की केस वर बांधून माझा पुन्हा फोटो काढा. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाहेरचा फोटो चालत नाही आणि आमचा चुकत नाही. फोटोवाला मध्येच बोलला, "मॅडम, केस आत घ्या असं मीच त्यांना..." त्याला त्यांनी तिथल्या तिथे बाहेर काढलं. मग मला म्हणाल्या, "डाग वेणीचाच कशावरून? उगाच तमाशा करू नका."

तेव्हा मी पिशवीतून कापड कापायची कात्री काढली. बाई घाबरून मागे सरकल्या, हे खरं आहे. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वेणी मानेपाशी धरली, कापली आणि त्यांच्या टेबलावर आपटली. म्हणाले, "हा घ्या तुमचा डाग. आता याची थुंकी तपासा!"

जबाब लिहिणाऱ्या साहेबांनी इथे "रागाच्या भरात" असं लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं. भर ओसरतो, माझा राग ओसरलेला नाही. यांनी माझ्याच केसाने माझा गळा कापला, आणि वर गुन्हेगार मीच? फोटोवाल्याचाही जबाब घ्या, त्याच्या तोंडाला कुलूप लागायच्या आत.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, फक्त एक दुरुस्ती हवी. जप्त मालात कात्री एक, वेणी एक, अशी नोंद आहे. कात्री खुशाल ठेवून घ्या. वेणी मात्र आज संध्याकाळच्या आत परत द्या. तिच्यापुढे मालक म्हणून माझं नाव लिहिलं आहे, ते चूक आहे. तिथे माझ्या मुलीचं नाव लिहा.