प्लॉट विकून आलेला नफा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या डाळ मिलचे चेअरमन आदरणीय जानरावजी, व्यासपीठावरील संचालक मंडळ, इंझोरी-मानोऱ्याहून आलेले सभासद बंधू-भगिनींनो, आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो त्या धम्मदीपा मॅडम.

मॅडम म्हणतो, कारण अध्यक्षांनी तशी ताकीद दिली आहे.

मी मिलमध्ये मशीन चालवतो. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं, त्यामुळे हिशेबातलं अर्धंच कळतं. तेवढ्या भरवशावर मागच्या सभेत मी टेबल ठोकून म्हणालो होतो, "पाच लाख नफा झाला! दुसरं मशीन घ्या!" तुम्ही टाळ्या वाजवल्या. तेव्हा हिशेब लिहिणाऱ्या या मॅडम उभ्या राहिल्या.

"गिरणीनं वर्षभर फिरून काय कमावलं, ते सांग. रोडवरचा प्लॉट का दरसाली इकशीन?"

मी काय उत्तर दिलं? सगळ्यांसमोर ओरडलो, "तुले मिल बंदच पाडाची आहे काय?"

आठवड्यानं त्यांचा राजीनामा आला. पुण्याला नोकरी लागली म्हणे. लागली असेल. पण त्या नोकरीचा अर्ज सभेच्या आधी केला की नंतर, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग मी वही घेऊन बसलो. डाळ विकून आले साठ लाख. तूर, वीज, मजुरी, मशीनची झीज, ऑफिसचा खर्च मिळून गेले बासष्ट. म्हणजे धंद्यात दोन लाख तोटा! प्लॉटचे सात लाख वरून पडले, म्हणून पाच लाख नफा दिसला. धंद्यातून जे उरतं, त्याला कामकाजातलं उत्पन्न म्हणतात, त्यात प्लॉटचे पैसे धरत नाहीत. दोन वर्षं ती हेच सांगून राह्यली होती. मी तिच्या टेबलाजवळ उभा राहायचो, पण ऐकत कुठं होतो? पाहत होतो.

हसू नका, जानरावजी.

आता चहानंतर दुसऱ्या मशीनच्या ठरावावर हात वर होणार आहेत. तुमच्या शेअरचे पैसे त्यात जाणार. या एकाच मशीनवर तोटा आहे, दुसरं कायले पाहिजे? ठरावाचा सूचक मी आहे. मी तो मागे घेतो. प्रोसिडिंग बुकात ही नोंद मॅडमनीच लिहावी. शेवटचं अक्षर त्यांचं राहू द्या.

शाल-श्रीफळाची व्यवस्था करणाऱ्या दुर्गाबाईंचे आणि एवढा वेळ मला खाली बसायला न सांगणाऱ्या अध्यक्षांचे आभार. आजच्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर सभागृहानं पोटात घालावं.

त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मात्र सभागृहाच्या हातात नाही. ज्यांच्या हातात आहे, त्यांची गाडी दोनची आहे.