काटा चाळीसवर होता

सीताराम : केस सुटली ना तुझी, दशरथ? मग कित्याक उकरून काढतंस?

दशरथ : कोर्टातनं सुटलो. डोक्यातनं सुटत नाय.

सीताराम : वर्ष झाला त्या गोष्टीक.

दशरथ : वर्षभर एकच सांगतोय. वाकोल्याला तो पोरगा माझ्या पिकअपखाली आला तेव्हा काटा चाळीसवर होता. पोलिसांना सांगितलं, बायकोला सांगितलं, जज्जसमोर सांगितलं. खोटं नाय बोललो रे.

सीताराम : मग झाला तर!

दशरथ : परवा हायवेला भाच्याच्या मागोमाग होतो. विशालचा काटा पन्नास, माझा चाळीस. दोघांमधलं अंतर तेवढंच. आता बोल.

सीताराम : टायर घासले असतील तुझे.

दशरथ : टायर घासले तर काटा जास्त दाखवतो, कमी नाय. तूच शिकवलंस. सीताराम, अपघाताच्या महिनाभर आधी मागचा अ‍ॅक्सल तू बदललास. कुर्ल्याच्या भंगारातला. आतल्या गिअरचे दात मोजले होतेस?

सीताराम : गणपतीचे दिवस ते. आणि तूच मानगुटीवर बसला होतास, भाडं जातंय, भाडं जातंय. अ‍ॅक्सल जागेवर बसला, ब्रेक जुळले, नट आवळले.

दशरथ : मोजले होतेस का, एवढंच.

सीताराम : नाय.

दशरथ : मग आज मोज.

सीताराम : खोलायची गरज नाय. हँडब्रेक सोड, न्यूट्रल कर. एका बाजूचा मागचा चाक उचलतंय. जॅकवर भरवसा नको, तो ओंडका सरकव. आता खाली जा आणि गिअरबॉक्सातून अ‍ॅक्सलाकडे येता त्या शाफ्टवर खडूची रेघ मार. एकच चाक उचललाय, म्हणून मी चाकाच्या दोन फेऱ्या मारणार, त्यांची एक धरायची. तेवढ्यात शाफ्ट कितीदा फिरतो ता तू मोज.

दशरथ : किती यायला पाहिजे?

सीताराम : कंपनीचा हिशोब पाचाच्या वर थोडा. पाच आले तर उठ, चाय पी, घरी जा.

दशरथ : आणि कमी आले तर?

सीताराम : फिरवतंय. मोज.

दशरथ : एक... दोन... तीन... चार... थांबलास का?

सीताराम : माझ्या दोन झाल्या.

दशरथ : परत फिरव.

(चाक पुन्हा फिरतं.)

दशरथ : चार. इवलंसं वर. म्हणजे काय, नीट सांग मला.

सीताराम : काट्याची केबल गिअरबॉक्सातून येता. तिका शाफ्ट कळता, चाक नाय कळत. आधी शाफ्ट पाचदा फिरला की चाक एकदा फिरायचा. आता चारातच. काटा चाळीस दाखवी तेव्हा गाडी पन्नासनं पळत होती.

दशरथ : म्हणजे मी खोटं नाय बोललो.

सीताराम : नाय रे बाबा.

दशरथ : आणि खरंही नाय बोललो.

सीताराम : चूक माझी. पण आता कोणाक सांगू नको. पोरगा परत येणार हा का?

दशरथ : त्याची आई आहे ना. रुक्मिणीबाई. मी जातो अधूनमधून. गेलो की चहा टाकते. म्हणते, तुमचा काय दोष, गाडी एवढी सावकाश, तरी आमचा सुयोगच आंधळ्यासारखा धावला. त्याच्या फोटोला हारसुद्धा घालत नाय. इतकी रागावलीय.

सीताराम : मेलेल्या पोरावर?

दशरथ : माझ्या चाळीसवर विश्वास ठेवून रागावलीय रे. आणि मी तिचा चहा पितो.

सीताराम : आधी भायर ये. कित्याक पडून राहिलंस?

दशरथ : उठवत नाय.

सीताराम : हात दे. आणि एकटो जाऊ नको, मी पण येतंय. अ‍ॅक्सल माझ्या हातचो.

दशरथ : आत्ताच जाऊ. उद्यावर टाकलं तर जाणार नाय मी.

सीताराम : काय सांगशील तिका? शाफ्ट नि गिअर तिका काय कळणार?

दशरथ : ते नाय सांगत. सांगेन, गाडी सावकाश नव्हती, पन्नासनं होती. सुयोगनं माझ्या गाडीकडे नीट बघितलं होतं, मी पाहिलंय. मगच पाऊल टाकलं.